काचेत सापडलेली शेपटी आणि 'अजगर' हा शब्द

तुमची पोस्ट रात्री दीड वाजता वाचली आणि झोपच उडाली. पिंजऱ्याची सरकती काच लावताना तुमच्या पाळलेल्या बॉल पायथनची (हा आफ्रिकेतला बिनविषारी साप) शेपटी खाचेत चिमटली, टोक वाकडं दिसतंय, दोन दिवस तो लपणीतून बाहेर आला नाही आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसला आहात. 2021 च्या जुलैत माझं अगदी हेच झालं होतं. ऑफिसची लोकल गाठायची होती, काच ओढली आणि बकुळची, म्हणजे माझ्या बॉल पायथनची, शेपटी कुठे आहे ते पाहिलंच नाही. तिचं सगळं अंग एकदम आखडलं, ते आजही डोळ्यांसमोर येतं.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. साप पाळून 9 वर्षं झाली, त्यातून जे कळलं ते सांगते. पिंजऱ्याची तयारी वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडते.

काच माझ्या हातून लागली, पण बकुळची शेपटी गेली ती पुढच्या चार दिवसांत. घाबरून एका क्लिनिकला फोन केला आणि म्हणाले, "माझ्याकडे अजगर आहे, शेपटीला लागलंय." मराठीत पायथनला दुसरा शब्द कुठला वापरणार? पण पलीकडच्या बाईंना ऐकू आला तो आपल्या रानातला अजगर. तो 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा. त्या म्हणाल्या, आधी परवानगीचा कागद आणा, मग बघू. मीही काही समजावून न सांगता कागदाच्या मागे लागले. एका कार्यालयात गेले. साहेब बाहेर गेलेत. दुसऱ्या दिवशी, अर्ज लिहून द्या. अर्ज दिला, तर सोमवारी या. कोणी एकदाही विचारलं नाही की साप कुठल्या जातीचा आहे आणि त्याला किती लागलंय. एका मुक्या जिवाला उपचार हवेत म्हणून दारात आलेल्या माणसाला सोमवारी या म्हणतात, याचा संताप अजून गेलेला नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कागद माझ्या कपाटातच होता. 2020 मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करायला सांगितलं तेव्हा मी बकुळची नोंद केली होती. तो कागद काढून दाखवायचं त्या घाबरलेल्या अवस्थेत सुचलंच नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे पोचले तोवर टोक काळं पडून वाळलं होतं. एक्स-रे काढला, 4 सेंटिमीटर शेपटी कापावी लागली. पहिल्याच दिवशी आणली असती तर कदाचित वाचली असती, असं ते म्हणाले. सापाची शेपटी पालीसारखी पुन्हा येत नाही.

म्हणून तुम्ही फोनवर अजगर म्हणूच नका. "बॉल पायथन, आफ्रिकेतली जात, बिनविषारी, नोंदणी आहे, वजन इतकं" असं एका दमात सांगा. नोंदणी नसेल तर मात्र तेही हाती घ्या. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर साइट्स (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आलेत आणि 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंद लागते. पण कागद अपुरा आहे म्हणून उपचार थांबवू नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

आता शेपटी. शी करायच्या जागेच्या मागे जे आहे ती खरी शेपटी. मार तिथेच असेल तर पोटातल्या अवयवांना सहसा धोका नसतो. मार त्या जागेच्या पुढे, डोक्याच्या बाजूला असेल, साप उलटा केल्यावर सरळ होत नसेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर हे उत्तर पूर्ण वाचू नका, निघा. नाहीतर रोज त्याच वेळी पट्टी शेजारी धरून फोटो काढा. काळेपणा वर सरकतोय का ते फोटोतच कळतं, रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही.

भुसा, नारळाचा काथ्या काढून टाका, साधा कागद अंथरा. पावसाळ्यात मुंबईत ओल हटत नाही, जखम चिघळते. शिवाय मुंग्या! पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. उघडी जखम असेल तर बीटाडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. आई हळद लावायला सांगेल, माझीही म्हणाली होती. नको, ती खवल्यांत चिकटून बसते. डेटॉल नको, बर्फ नको, पॅरासिटामॉल तर चुकूनही नको. उबेची बाजू 31–32 अंशांवर राहू द्या, अंग गार असेल तर जखमही भरत नाही.

खायला घालू नका. यावर लोक माझ्याशी वाद घालतात, "ताकद येईल" म्हणतात. बॉल पायथन कित्येक आठवडे सहज उपाशी राहतो, आणि ताणात गिळलेला उंदीर उलटून पडला तर हाल दुप्पट. डॉक्टरांनी सांगितलं की मगच.

नेताना उशीचा सुती अभ्रा, तोंडाला गाठ, वर भोकं पाडलेला डबा. टॅक्सीत एसी बंद करायला सांगा. डॉक्टरांना साप कळतो का हे मी एका प्रश्नावरून ओळखते: इंजेक्शन कुठे देणार? अंगाच्या पुढच्या भागात देण्याची पद्धत आहे, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. हा माझा ठोकताळा, याहून चांगला असेल तर वापरा.

आणि वाकडं टोक तसंच राहिलं तरी तो नीट जगेल. बकुळ आखूड शेपटीने वर्षानुवर्षं कात टाकतेय, खातेय, माझ्या मनगटाला विळखा घालून बसतेय.

टोकाचा रंग कसा आहे ते आजच लिहा आणि फोटो टाका. तुम्ही मुंबईत कुठे राहता तेही व्यक्तिगत निरोपात कळवा, माझ्या डॉक्टरांना विचारून त्यांचा नंबर देते.