‘सगळं पाठ आहे हो, पण वाचत नाही’

दिवाळीची सुट्टी संपून पहिल्या सत्राचे निकाल हातात पडले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकाच तक्रारीची रांग लागते. मूल साडेपाच-सहा वर्षांचं. बाराखडी धडाधड म्हणतं, पुस्तकातली पानं तोंडपाठ. पण एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हे वाच बघू’ म्हटलं की गप्प. आई सांगत असते, बाबा मान हलवत असतात, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं तो माझ्या टेबलावरची पेनं मोजत असतो.

दरवर्षी तेच समजावण्यापेक्षा एका घराची हकिकत लिहावी असं वाटलं. नावं बदलली आहेत, आणखी एक-दोन घरांचे तपशीलही त्यात मिसळले आहेत. बैठका पुष्कळ झाल्या. इथे निवडक तेवढंच.

मनीषाताई नाशिकच्या सिडकोत राहतात. नवरा सातपूरच्या कारखान्यात पाळीवर. वेदांत पहिलीत, सेमी-इंग्रजी शाळेत. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवी उघडली आणि अंकलिपी, पाटी, दुरेघी वह्या, बाराखडीचा तक्ता, चित्रांची कार्डं असं सगळं टेबलावर मांडलं. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं झालेलं. (त्यात ‘ई ईडलिंबूचा’ही आला. ईडलिंबू कसं असतं हे आजवर एकाही मुलाने मला सांगितलेलं नाही, पण म्हणतात मात्र सगळीच.)

“रोज सात ते आठ मी त्याला घेऊन बसते,” त्या म्हणाल्या. “पण आता नवीनच सुरू झालंय. सात वाजले की त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, काही नाही म्हणाले.”

“रविवारी दुखतं का?”

“नाही, रविवारी अभ्यास नसतो ना...” आणि त्या थांबल्या.

मी वेदांतला पुस्तक दिलं. त्याने पान उघडलं, खिडकीबाहेर बघत अख्खी कविता म्हणून दाखवली आणि योग्य ठिकाणी पान उलटलंसुद्धा. मनीषाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “बघा, असा फसवतो!”

मला तर आनंद झाला होता. न बघता पान म्हणणाऱ्या मुलाला बरंच काही कळलेलं असतं. कागदावर जे आहे ते दर वेळी तेच असतं, त्याला सुरुवात-शेवट असतो, ते कुणीतरी म्हणायचं असतं. हे ज्याला कळलंय त्याने वाचनाचं निम्मं काम केलेलं आहे. वेदांतकडे कविता होती आणि अक्षरंही होती. तोंडातल्या आवाजाचा कुठला तुकडा कागदावरच्या कुठल्या खुणेत बसलाय, एवढंच त्याला अजून सापडलं नव्हतं. आणि पाठांतराचा डोंगर कितीही उंच केला तरी ते पाठांतरातून सापडत नाही.

याला आपली शिकवायची पद्धतही कारण आहे. घरोघरी मूल ‘द ला पहिली वेलांटी दि, व ला काना वा’ असं म्हणत शब्द फोडतं. लिहिताना ठीक आहे. वाचताना मात्र एवढी कवायत होईपर्यंत पहिलं अक्षर डोक्यातून निघून गेलेलं असतं, आणि शेवटी ‘मग काय झालं सगळं मिळून?’ असं विचारल्यावर मूल अंदाजाने ‘पणती’ म्हणतं. शिवाय आपली लिपी मोठ्यांना वाटते तितकी सरळ नाही. ‘दि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि कानांना नंतर ऐकू येते. ‘सूर्य’मधला र बोलताना य च्या आधी येतो आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘कमळ’ लिहिताना तीन पूर्ण अक्षरं, पण बोलताना शेवटच्या ळ मधला अ आपण गिळून टाकतो. म्हणून क-म-ळ असं सुटं सुटं म्हटल्यावर मुलाला त्यात ‘कमळ’ ऐकूच येत नाही. तिथे मूल अडखळलं तर त्याची बुद्धी कमी असं काही नसतं.

हे मी मनीषाताईंना सांगितलं. त्यांना पटलंही. पुढच्या भेटीत त्या तितक्याच घाबऱ्या होऊन आल्या. माहितीने भीती जात नाही, हा या कामातला रोजचा अनुभव. म्हणून मी वेदांतला बाहेर आजीजवळ खेळायला बसवलं आणि विचारलं,

“मार्चपर्यंत त्याला वाचता आलं नाही, तर?”

“मागे पडेल.”

“मग?”

“मग काय! बाई ओरडतील, मुलं हसतील.”

“मग?”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारसरणीत मी हे काम शिकले. माणसाला घडलेली गोष्ट जितकी छळते, त्याहून त्या गोष्टीबद्दल तो स्वतःला जे बजावत असतो ते जास्त छळतं, यावर माझा आजही विश्वास आहे. ते बजावणं वर काढायला मला हा ‘मग?’ पुरतो. दुसऱ्या ‘मग?’ला बहुतेक जण चिडतात, तिसऱ्याला खरं बोलतात.

मनीषाताई म्हणाल्या, “मॅडम, इंग्रजी मला जमत नाही. चौथी-पाचवीत गेला की त्याचा अभ्यास माझ्या हाताबाहेर जाणार, मला माहीत आहे. गणितपण इंग्रजीतून असेल. मराठी तेवढं माझ्या हातात आहे. त्यातही तो मागे राहिला, तर सगळे म्हणतील ना, घरी बसून हिने केलं काय?”

गेल्या काही वर्षांत असंच काहीतरी मी कितीतरी आयांकडून ऐकलंय. मराठी माध्यमात शिकलेली आई, मूल इंग्रजी किंवा सेमीत. मुलाच्या दप्तरातल्या बाकी पुस्तकांपुढे तिला परकं वाटतं आणि एक मराठीचं पुस्तक आपलं वाटतं. त्या एका पुस्तकावर तिने स्वतःची सगळी पत लावलेली असते. मग पहिलीतल्या मुलाचं ‘क’ला ‘फ’ म्हणणं तिला स्वतःचा नापासाचा शेरा वाटतो. मुलाला यातलं काही सांगता येत नाही. पण या तासाला आपल्या अक्षरांपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलंय, हे त्याला बरोबर जाणवतं. त्याचं पोट खोटं दुखत नव्हतं.

“त्याने लवकर वाचावं असं तुम्हाला वाटणं चांगलंच आहे,” मी म्हटलं. “पण वाचलंच पाहिजे, नाहीतर मी आई म्हणून वाया गेले, हे कुणी ठरवलं?”

त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, “मीच.”

मुदतीचंच म्हणाल तर सरकारही इतकी घाई करत नाही. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने मुलाला समजून वाचता यावं यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा वेळ धरला आहे. फिनलंडमध्ये तर मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं. आपल्याकडेही गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला तेव्हापासून हे सांगणं चालू आहे, की लहान मुलाला धाकाने शिकवू नका. गोष्टी, गाणी, हाताला काम द्या. शंभर वर्षं झाली. अंकलिपी मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हातात आलीच.

सात ते आठचा तास मी बंद करायला सांगितला. मनीषाताईंचा चेहरा पडला. “म्हणजे काहीच करायचं नाही?”

“करायचं भरपूर आहे. विचारायचं मात्र काही नाही. ‘हे कुठलं अक्षर’, ‘हे वाच’, ‘काल तर आलं होतं’, ही तीन वाक्यं महिनाभर घरात नकोत.”

करायचं ते असं. रात्री झोपताना एक पातळ चित्रपुस्तक त्याला मांडीवर घेऊन वाचून दाखवायचं. ज्योत्स्ना प्रकाशनाची, प्रथम बुक्सची कितीतरी पुस्तकं मराठीत आहेत, रोज नवीन आणायचीही गरज नाही. मूल ‘तेच पुन्हा’ म्हणालं तर तेच पुन्हा वाचायचं; ओळखीच्या वाक्यातच त्याला शब्द सापडू लागतात. वाचताना आपलं बोट ओळीखालून आपल्या आवाजाच्या वेगाने सरकवायचं. ‘इकडे बघ’ म्हणायचं नाही. बघायचं तेव्हा ते बघतं.

बाबांकडे दिल्या गावांच्या भेंड्या, तेही गाडीवरून जाता-येता. या खेळात शब्दाचा शेवटचा आवाज कानाने पकडावा लागतो, आणि अक्षर डोळ्यांना कळण्याआधी आवाज कानाला सुटा ऐकू येणं फार गरजेचं असतं. घरात भेंड्या, यमकं, ‘कपाटातलं प पासूनचं काय काय सांग’ असलं काही चालत असेल तर निम्मी शिकवणी होते. बाबांनी ‘पुणे’ म्हटलं. वेदांतने थोडा विचार करून उत्तर दिलं, “णाशिक!” बाबांनी हसून मान्य केलं. मला विचाराल तर कुठल्याही चाचणीपेक्षा हे ‘णाशिक’ मोलाचं. त्याचा कान तयार झाला होता.

तिसरी गोष्ट मी स्वतः सुरू केली. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवून वेदांतला विचारलं, “तुला कुठला शब्द लिहून हवाय?”

“कुठलापण?”

“कुठलापण.”

“जेसीबी.”

“मॅडम, तो मात्रा-वेलांटीचा शब्द आहे,” मनीषाताई हळूच म्हणाल्या. “आम्ही अजून कमळ-बदक-गवतवरच आहोत.” मी मोठ्या अक्षरात ‘जेसीबी’ लिहून दिलं. त्याने ते कार्ड खिशात घातलं, घरी नेलं, म्हणे उशीखाली घेऊन झोपला. मग पाणीपुरी, आजी, टायर असे शब्द त्या डब्यात येत गेले. मुलाला जो शब्द हवासा वाटतो तो त्याला अवघड जात नाही. सोप्यातून अवघडाकडे जाणारा क्रम मोठ्यांनी आपल्या सोयीने लावलेला आहे. कमळ सोपं खरं, पण सिडकोतल्या मुलाला कमळाचं काय करायचंय?

पुढची घटना मनीषाताईंनी मला दारातच, चप्पल काढता काढता सांगितली. स्कूटरवर सिग्नलला उभ्या होत्या. शेजारी खानावळीची पाटी, ‘घरगुती जेवण मिळेल’. मागून आवाज आला, “आई, जेसीबीचा जे!”

“माझ्या अगदी तोंडात आलं होतं, ‘शाब्बास, आता पुढचं वाच’. गिळलं बघा. नुसतं ‘हो रे’ म्हटलं. सिग्नल सुटला तरी तो मान वळवून बघतोय. चौक ओलांडल्यावर म्हणतो, जे... व... ण. आई! जेवण! तिथे जेवण लिहिलं होतं!”

यात काय घडलं ते मला इतर पालकांसाठी नीट मांडायचंय. त्याने एका शब्दातला तुकडा सोडवला आणि दुसऱ्या शब्दात ओळखला. व आणि ण त्याला आधीच येत होते, पाठांतर अगदीच वाया गेलं नव्हतं. आणि तिन्ही मिळून त्याला ओळखीचा, अर्थाचा शब्द ऐकू आला. वाचन म्हणजे एवढंच. त्याला कुणी विचारलं नव्हतं, वही नव्हती, सात वाजले नव्हते. पण माझ्या हिशेबी त्या दिवशीची मोठी कामगिरी मनीषाताईंची. ‘पुढचं वाच’ त्यांनी गिळलं नसतं तर चौकापर्यंत गेलेली ती त्याची धडपड तिथेच परीक्षेत बदलली असती. वर्षानुवर्षं मुलांपेक्षा मोठ्यांबरोबरच जास्त बसायचा माझा हट्ट आहे. कधी कधी पालक कुरकुरतात, ‘दाखवायचंय मुलाला आणि बोलताय आमच्याशी’. मी मात्र तो सोडलेला नाही.

तिथून पुढे काम भराभर झालं. ‘सी’पासून सीताफळ, ‘बी’पासून बीट. मग बी आणि बा एकाच घरातले आहेत हे त्यानेच शोधलं, आणि बाराखडीचा तक्ता त्याला पहिल्यांदा कामाचा वाटला. बाराखडीशी माझं भांडण नाही, तिची पाळी थोडी उशिरा यावी एवढंच. ध-घ, भ-म यांत तो गोंधळायचा, ‘खण’ला ‘रवण’ वाचायचा. अशा वेळी ते अक्षर दहादा लिहायला लावण्यापेक्षा ‘घार’ आणि ‘धार’ ही दोन कार्डं चित्रांसकट शेजारी ठेवावीत. अक्षर बदललं की पक्ष्याच्या जागी पाण्याची धार येते, हे दिसलं की डोळा आपोआप थांबून बघायला लागतो. लिहिण्याची घाई तर नकोच. बोटांना ताकद यायला वेळ लागतो, आणि वाचन व लेखन एकाच दिवशी आलंच पाहिजे असं काही नाही. मूल शब्दाशी अडलं तर मनात चार-पाच आकडे मोजावेत आणि मग सरळ शब्द सांगून टाकावा. पाहुणे आले की ‘काकांना वाचून दाखव’ हे तर पूर्ण बंद.

काही मुलांचं अडणं खरोखर वेगळं असतं. आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, हे फार घरांत राहून जातं. बोलायला उशीर झाला असेल, यमक जुळवणं, भेंड्या हे खेळूनही जमत नसेल, घरात कुणाला वाचनाची अडचण असेल, आणि दुसरी संपत आली तरी साधे शब्द जुळत नसतील, तर तज्ज्ञांकडे जावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि त्यानुसार सवलतीही मिळतात. मात्र त्याचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतरच दिलं जातं. पाच वर्षांच्या मुलाला मोबाइलवर चार लक्षणं वाचून ‘डिस्लेक्सिया’ म्हणू नये. आणि मदतीसाठी प्रमाणपत्राची वाटही बघू नये.

वेदांत आता दुसरीत आहे. हळू वाचतो, ओळीखाली बोट लागतं, जोडाक्षर आलं की वरून उडी मारतो. पोट दुखत नाही. मनीषाताईंचा मध्यंतरी फोन आला होता. मला वाटलं त्याचंच काही असेल.

“नाही मॅडम, तो बरा आहे. धाकटी साडेतीनची झाली. तिला कधीपासून बसवू?”

“रात्री दादाला गोष्ट वाचता ना? तिलाही शेजारी घ्या,” मी म्हटलं. “आणि अंकलिपी आणली असेल तर कपाटात ठेवा.”

पलीकडे थोडी शांतता. “कालच आणली,” त्या म्हणाल्या.