बेकरीचा चुरा कोंबड्यांच्या खाद्यात घालताना

स्वस्त मिळाला म्हणून पोतं सरळ फीडरमध्ये ओतू नका. बिस्किट-पावाच्या चुऱ्यात ऊर्जा मक्याच्या जवळपास असते, पण प्रथिनं बेताची आणि मीठ कधीकधी बरंच. मीठ वाढलं की पक्षी पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते आणि लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलं होऊन अमोनिया डोळ्यांत झोंबतो. तेव्हा खाद्यातलं मीठ तेवढं कमी करा. लहान पिल्लांना नकोच. पुढे ५ टक्क्यांपासून सुरुवात, तीही मक्याच्या जागी, सोयापेंडीच्या नव्हे.

चुरा मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओल आहे. बुरशीचा वास आला तर फेकाच. भाजून अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) जात नाही. मी एकदा तो शहाणपणा केला होता, वजनं अडकली ती अडकलीच.