आधी तारीख बघ

पोरी,

तुझा मेसेज वाचला. निवडणुकीचा निकाल लागल्यापासून तू सॅम कुक या काळ्या अमेरिकन गायकाचं ‘अ चेंज इज गॉना कम’ लावून रडत बसतेस आणि मला विचारतेस, साठ वर्षं होऊन गेली, कुठं आलाय तो बदल? धीर द्यायला तुझ्याभोवती पुष्कळ जण आहेत. मी एवढंच विचारतो, गाण्याची तारीख बघितलीस का?

रेकॉर्ड झालं ३० जानेवारी १९६४ला. अमेरिकेत वंशभेदाला बंदी घालणारा कायदा त्यानंतर पाच महिन्यांनी झाला. आदल्याच ऑक्टोबरात लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एवढ्या नावाजलेल्या गायकाला हॉटेलात खोली नाकारली होती, वर पोलिसांनी पकडून नेलं. गाण्याची सुटी तबकडी १९६४च्या डिसेंबरात निघाली, तोवर तो गोळी लागून गेलेला. तुला त्या गाण्यात आश्वासन ऐकू येतं, म्हणून फसवल्यासारखं वाटतं. अगं, आश्वासन द्यायला त्याच्या हातात होतं काय?

स्टेपल सिंगर्स घे, पॉप्स हा बाप, मॅव्हिस ही लेक, असं गाणारं काळं कुटुंब. काळ्यांच्या मतदान हक्कासाठी निघालेला सेल्मा ते मॉन्टगोमरी हा मोर्चा मार्च १९६५मध्ये पोचला. त्या मोर्चेकऱ्यांसाठी रचलेलं ‘फ्रीडम हायवे’ एप्रिलमध्ये शिकागोच्या एका चर्चमध्ये बाप-लेकरांनी गायलं. मतदान हक्काचं विधेयक तेव्हा संसदेत लोंबकळत होतं, सही झाली ६ ऑगस्टला. तारीख बघ! त्या रेकॉर्डिंगमध्ये पॉप्सची थरथरती गिटार आहे, मॅव्हिसचा खर्जातला आवाज आहे, आणि समोरच्या बाकांवरून टाळ्या, हाका येतात. अर्धं गाणं त्या बाकांचंच आहे. तू हेडफोन लावून एकटी ऐकतेस, तेही मला खटकतं.

आमच्या संघटनेत मला हसायचे. घरची शाहिरी सोडून याला अमेरिकेची गाणी! १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव कुठून घेतलं, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच ना, असं मी उलट विचारायचो. हसणारे बरेचसे पुढं घरी बसले. मी बसलो नाही, आणि त्याचं श्रेय मी या तबकड्यांनाच देतो. बढाई वाटत असेल तर वाटू दे. त्या हसणाऱ्यांतला एक जिवाभावाचा होता, त्याला कर्टिस मेफील्ड ऐकवायचा राहिला, ती सल मात्र जात नाही.

‘कीप ऑन पुशिंग’, म्हणजे ‘रेटत राहा’, गाणारा तो कर्टिस. १९९०मध्ये ब्रुकलिनला कार्यक्रमात दिव्यांचा सांगाडा अंगावर कोसळला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. छातीत दम भरेना. तरी उताणं पडून, एकेक ओळ गात त्यानं अख्खा अल्बम पुरा केला. १९९६. हीही तारीख लिहून ठेव, कारण ‘कीप ऑन पुशिंग’ १९६४चं आहे.

रविवारी मतदारयादीच्या कामाला जावं की नाही, असं शेवटी विचारलंयस. हा काय प्रश्न झाला? जा. संध्याकाळी बरोबरच्या चौघा-पाच जणांना घेऊन माझ्याकडे ये, ‘फ्रीडम हायवे’ मोठ्यानं लावू. शेजारी कुरकुर करतात, त्यांचं मी बघून घेईन.