वैद्यकीय आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पर्यावरणासाठी किती तास ठेवावेत, आणि परीक्षा कशी घ्यावी?

शून्य तास. वेगळा विषय केलात की तो वेळापत्रकाच्या शेपटाला जातो, वितळत्या हिमनगांच्या चार स्लाइड दाखवल्या जातात आणि विषय संपतो. जे आधीच शिकवताय त्यातच घाला.

सुरुवात भूलशास्त्रापासून करा, तिथे आकडे लगेच हाती लागतात. फळ्यावर एकच सूत्र लिहा: भूलयंत्रात सोडलेल्या ताज्या वायूचा प्रवाह (लिटर प्रति मिनिट) × व्हेपोरायझरवरचे (द्रवरूप औषधाची वाफ करणारं उपकरण) टक्के × ३ = तासाला संपणारं द्रवरूप औषध, मिलीमध्ये. सेवोफ्लुरेन (श्वासातून द्यायचं भुलीचं औषध, थोडक्यात सेवो) २ टक्के, प्रवाह ६ लिटर: ३६ मिली. प्रवाह १ लिटर केला तर ६. याला घनतेने (१.५२) गुणा, मग शंभर वर्षांच्या तापमानवाढ गुणकाने (तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमान वाढतं तो आकडा), म्हणजे १३० ने. एकीकडे तासाला सुमारे ७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, दुसरीकडे जेमतेम सव्वा किलो. आता डेस्फ्लुरेन, तसंच दुसरं औषध, ६ टक्के, प्रवाह १ लिटर: १८ मिली, घनता १.४६, गुणक २५४०. उत्तर ६७ किलोच्या आसपास! म्हणजे काटकसरीने दिलेलं डेस्फ्लुरेन उधळपट्टीने दिलेल्या सेवोच्या नऊपट पडतं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्यावर निर्बंध का आणले हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पण प्रवाह उतरवल्यावर काय बिघडतं हेही त्याच तासाला शिकवा. नवशिके श्वासनलिकेत नळी घातल्याघातल्या १ लिटरवर येतात. सर्किट (यंत्र आणि रुग्ण जोडणाऱ्या नळ्या) औषधाने भरलेलं नसतं, शरीर औषध ओढत असतं, भूल हलकी होते. उच्छ्वासातली सेवोची पातळी स्थिरावली की मगच उतरा. पुढे भूल पटकन खोल करायची असेल तर नुसता डायल फिरवून भागत नाही, प्रवाहही वाढवावा लागतो. आत जाणाऱ्या ऑक्सिजनवर नजर हवी, तो हळूहळू घसरू शकतो. सोडालाइमही (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) लवकर संपतो.

'पर्यावरण म्हणजे कचऱ्याच्या रंगीत बादल्या' म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. आरोग्यसेवेच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा खरेदीतून येतो. बादली सगळ्यात शेवटी. हातमोजा कुठल्या बादलीत टाकायचा हे घोकून घेण्यापेक्षा तो घालायची गरज होती का, हे विचारा. धडधाकट त्वचेवर नाडी बघायला किंवा रक्तदाब घ्यायला तो लागत नाही, उलट तो घातला की हात धुणं टळतं. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचंही तेच: भांडारातून गेलेले सिलिंडर आणि रुग्णांना प्रत्यक्ष दिलेला वायू यांचा ताळा विद्यार्थ्यांकडूनच घालून घ्या. तफावत बहुतेक वेळा पाइपलाइनच्या गळतीत सापडते.

हो, एक राहिलंच. पावडरचा इन्हेलर हवामानाला फवाऱ्यापेक्षा बरा, पण लहान मुलांना आणि दम्याच्या तीव्र झटक्यात तो पुरेशा जोराने ओढता येत नाही. तिथे स्पेसर (फवारा आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावून फवाराच द्यायचा. आणि वरचे गुणक शंभर वर्षांचे आहेत, मुदत बदलली की आकडे बदलतात.

परीक्षेचं म्हणाल तर तोंडीला वरचं गणित घाला आणि लगेच विचारा, सोडालाइम संपल्याचं मॉनिटरवर कसं कळेल. आत जाणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड दिसू लागतो, हे ज्याला सांगता येणार नाही त्याला नुसत्या गणिताचे निम्मेच गुण द्या.