पशुपालकांचे प्रश्न : तेल ओतलं आणि फॅट उतरली

प्रश्न : गोरेगावला तबेला आहे. मुऱ्हा म्हैस व्यायल्याला दीड महिना झाला, रोज 12 लिटर देते. अंगाने उतरली म्हणून 2 किलो सरकीसोबत दाण्यावर पाव लिटर सोयाबीन तेल ओततो. दूध तेवढंच राहिलं, उलट फॅट 7 वरून 5.5 वर आली आणि शेण पातळ झालं. तेलाने फॅट वाढायला हवी ना?

उत्तर : तेल आजच बंद करा. तेलातली मेदाम्लं, म्हणजे मेदाचे मूळ घटक, तशीच दुधात उतरतात हा समज तबेल्यांत फार जुना आहे. म्हशीने खाल्लेलं आधी कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांतल्या सर्वांत मोठ्या कप्प्यात जातं, आणि चारा पचवणारे जिवाणू तिथे असतात. सोयाबीन तेलातली असंपृक्त (अनसॅच्युरेटेड) मेदाम्लं त्यांना विषासारखी. शिवाय तेलाचा थर चाऱ्यावर बसतो. चारा नीट कुजला नाही की ॲसेटिक आम्ल कमी तयार होतं, आणि दुधातल्या फॅटचा मोठा कच्चा माल तोच आहे.

दुसरी भानगड अशी, की जिवाणू ही मेदाम्लं संपृक्त करायला बघतात. कोठीपोट बिघडलेलं असेल तर वाटेत एक वेगळंच ट्रान्स मेदाम्ल तयार होतं. त्याचे मोजके ग्रॅम कासेतलं फॅट बनवणं मंदावायला पुरतात.

आता तुमचा हिशेब. म्हैस दिवसाला 14 किलो कोरडं खाद्य खाते असं धरू. त्यात एकूण मेद 6 टक्के, म्हणजे 840 ग्रॅमच्या वर नको. चारा-दाण्यातून साधारण 360, 2 किलो सरकीतून 380, तेलातून 230. झाले 970! त्यातही तेल मोकळं, एकदम पोटात पडणारं. सरकीतलं तेल बीच्या आत बंद असतं, रवंथ होईल तसं सावकाश सुटतं, म्हणून सरकी सोसते. ती दीड किलोवर आणा आणि कडबा किंवा वाळलं गवत वाढवा. फॅट सावरायला दहा ते पंधरा दिवस लागतील, तोवर दाणा वाढवू नका.

अंग भरायला बायपास फॅट द्या. ही मेदाम्लं कॅल्शियमशी बांधलेली असतात, एक प्रकारचा साबणच. कोठीपोटात ती तशीच राहतात आणि चौथ्या कप्प्यातल्या तीव्र आम्लात सुटतात. दर लिटर दुधामागे 15 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 180 ग्रॅम. सुरुवात 50 ग्रॅमने करून आठवड्याभरात पूर्ण मात्रेवर या. वासाने म्हैस तोंड फिरवते, तेव्हा पाण्यात न कालवता दाण्यात मिसळा. दाणा भरमसाट असेल तर कोठीपोट आंबट होतं, मग साबण तिथेच फुटतो आणि पैसे वाया. क्षार मिश्रण बंद करू नका, यातलं कॅल्शियम त्याची जागा घेत नाही. पावसाळ्यात पोतं फळीवर ठेवा. मुंबईच्या दमटात खवट व्हायला वेळ लागत नाही.

आणि फॅट तपासताना पूर्ण धारेचं दूध ढवळून घ्या. पहिल्या धारेला फॅट कमीच लागते.

प्रश्न : आम्ही गिरगावात राहतो, घरी शाकाहार. मांजरीला दूध-भात आणि सूर्यफूल तेल देतो. केस रुक्ष झालेत, कोंडाही दिसतो.

उत्तर : कुत्रं वनस्पती तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून शरीराला लागणारं ॲराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल बनवतं, मांजराच्या यकृताला ते पुरेसं जमत नाही. वनस्पती तेलात ॲराकिडोनिक आम्ल नसतंच, मग चमचे वाढवून काय होणार? मांस-मासळीत आणि अंड्याच्या बलकात असतं. टॉरिन हे मांजराला लागणारं अमिनो आम्लही मांसातूनच येतं, त्यामुळे मांजरांसाठीचं संपूर्ण खाद्य हाच पाया ठेवा. कुत्र्याचं खाद्य चालणार नाही. वर आठवड्यातून दोनदा उकडलेली, काटे काढलेली तारली किंवा बांगडा 30 ग्रॅम. मीठ, कांदा, लसूण नको. मासळी घरात चालत नसेल तर थोडं शिजवलेलं बलक. कच्च्या मासळीत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर (एन्झाइम) असू शकतं. रोज नुसती तेलकट मासळी दिली तर ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते, हात लावला तरी मांजर कळवळतं.

प्रश्न : गोराईला दहा कोंबड्या आहेत. जवस दिल्यास ओमेगा-3 अंड्यात उतरतं का?

उत्तर : उतरतं, बलकात. किलो खाद्यात 50 ग्रॅम जवस, हलकं भाजून भरडलेलं. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. 100 ग्रॅमच्या पुढे गेलात तर अंड्याला मासळीचा वास येऊ शकतो. भरड आठवड्यापुरतीच करा.