बूसिनेस्कची ‘स्थिर’ घनता

प्रश्न असा: पाठ्यपुस्तकात ‘बूसिनेस्क सन्निकटनात (म्हणजे उष्णतेमुळे होणाऱ्या प्रवाहाचं गणित सोपं करायच्या एका रीतीत) घनता स्थिर मानतात’ असं लिहिलंय आणि लगेच पुढे ‘गरम हवा हलकी होऊन वर चढते’ असंही. मग घनता स्थिर की बदलती? आणि ‘सन्निकटन’ऐवजी ‘गृहीतक’ म्हटलं तर?

घोळ ‘स्थिर’ या शब्दाचा आहे. घनता प्रवाहाच्या समीकरणातल्या इतर सगळ्या पदांत स्थिर धरायची, पण गुरुत्वाच्या पदात तापमानानुसार बदलू द्यायची, असं ते वाक्य हवं होतं.

असा भेदभाव का, ते आकड्यांत बघा. खोलीतली हवा २० अंशांवर, भिंत ३० अंशांवर. हवेचा प्रसरणांक (एका अंशाने तापल्यावर ती किती पट फुगते तो आकडा) म्हणजे साधारण १ भागिले केल्विनमधलं तापमान, इथे १/२९३. १० अंशांना घनतेतला फरक ३.४ टक्के. एक मीटर उंचीत हवेचा वेग ०.५ मीटर प्रति सेकंद धरला, तर प्रवाहाचं त्वरण (वेगाचा वर्ग भागिले उंची) ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. त्याचे ३.४ टक्के म्हणजे ०.००८५, खुशाल सोडा. पण गुरुत्व त्वरणाचे, म्हणजे ९.८ चे, ३.४ टक्के होतात ०.३३, म्हणजे प्रवाहाच्या ०.२५ त्वरणापेक्षाही जास्त. तेच सोडलं तर हवा हलणारच नाही!

अशा प्रवाहाला लावतात त्या ‘असंपीड्य’ या शब्दानेही असाच गोंधळ होतो. दाबाने घनता बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ; तापमानाने बदलायला त्याची आडकाठी नाही.

‘गृहीतक’ नको. गृहीतक खरंही असू शकतं. इथे थोडं चूक आहे हे माहीत असूनच पद गाळतो. ‘अंदाज’ त्याहून वाईट, कारण चूक किती हे मोजता येतं. ‘सन्निकटन’ हिंदीत रुळलेलं असलं तरी ‘सन्निकट’ आपलाही आहे, खुशाल वापरा. नावाचा उच्चार मात्र बूसिनेस्क. ‘बौसिनेस्क’ हे इंग्रजी अक्षरं वाचून झालेलं. ओबरबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्येच ही युक्ती वापरली होती, म्हणून ‘ओबरबेक–बूसिनेस्क’ही म्हणतात.

गणित करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. संदर्भ तापमान आणि संदर्भ घनता (ज्यांच्यापासून फरक मोजतो ती मूळ मूल्यं) एकाच अवस्थेच्या हव्यात, नाहीतर उगाच एक जादा बल येऊन बसतं. दुसरं म्हणजे ४ अंशांजवळचं पाणी: तिथे प्रसरणांक शून्य होऊन चिन्ह बदलतो, त्यामुळे घनता तापमानाच्या प्रमाणात बदलते असं धरणारं नेहमीचं सरळ रेषेतलं सूत्र तिथे चालत नाही. आणि भट्टीत, जिथे फरक शेकडो अंशांचा, तिथे हे सन्निकटन लावूच नका.