कुटुंब नाही, भावकी
लातूरला नीटची तयारी करायलेल्या भाचीचा प्रश्न आलाय, म्हणे मामा, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला मराठीत 'प्रतिलेखन घटक' लिहितेत ते बरोबर आहे का, अन एकमेकाशी नातं असलेल्या जीनच्या, म्हंजे जनुकांच्या, फॅमिलीला काय म्हणायचं, कुटुंब का?

प्रतिलेखन चालतंय, पण आपल्याकडं जुना शब्द आहेच की, नक्कल. तलाठ्याकडून सातबाऱ्याची काढतो ती. मूळ दप्तर ऑफिसातच राहतं, कागद बाहेर येतो, तसाच डीएनए केंद्रकात राहतो अन आरएनएची नक्कल बाहेर जाते. फक्त नक्कल 'काढणं' म्हणायचं, 'करणं' म्हणलं की माकडचेष्टा झाली. 'घटक' मात्र मला पटत नाही, घटक म्हंजे कशाचा तरी भाग. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर हे एक प्रोटीन, ते स्वतः नक्कल काढत पण नाही, काढणारं एन्झाइम वेगळं, हे नुसतं कोणत्या पानाची काढायची अन कोणत्या नाही ते ठरवतं. त्यापेक्षा 'कारक' बरा.

आता फॅमिली. कुटुंब म्हणू नको, एक तर जुन्या माणसांत कुटुंब म्हंजे बायको, अन कुटुंबाची चूल एक असती. इथं चुली वेगळ्या. पाहिजे तो शब्द भावकी. गाटा नावाच्या कारकांची भावकी घे, माणसात सहा जण, सगळे डीएनएवर जी-ए-टी-ए ही अक्षरं हुडकून चिकटतेत, म्हणून ते आडनाव. मूळ पुरुष एक, पुढं वाटण्या झाल्या. गाटा-१ तांबड्या पेशी बनवायच्या कामाला (१९८९ ला हा जीन हाती लागला), गाटा-३ रोगाशी लढणाऱ्या टी पेशीत, गाटा-४ हृदयात.

अक्षरं तीच तर कामं वेगळी कामून? ज्या पेशीत जो जीन चालू तोच तिथं हजर, हे झालं एक. पण खरी गंमत अशी की ही चार अक्षरं डीएनएत लाखो ठिकाणी आहेत, अन बहुतेक दप्तर रुमालात गच्च बांधलेलं असतं, कोणता गठ्ठा सोडलेला आहे ते पेशीगणिक बदलतं. वर जोडीदार लागतो, फॉग-१ नावाच्या प्रोटीनबिगर गाटा-१ कडून तांबडी पेशी पुरी पिकत नाही.

अन बघ, ती पेशी कच्ची असताना त्यातल्या बऱ्याच जागांवर गाटा-२ बसलेला असतो. पेशी पिकायला लागली की गाटा-१ त्याला उठवून तिथंच बसतो, वर गाटा-२ च्या स्वतःच्या जीनपाशी जाऊन तोच बंद करून टाकतो. बांधावर बसून चुलतभावाचं पाणी तोडणं हे कुटुंबात होतं का सांग, भावकीतच होतं.